पान एकतीस

प्रेसकडून फाइल तिसऱ्यांदा परत आली.
सोबत एकच ओळ: पान एकतीसवर चौकोन आहेत.

माझ्या पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं:
बुडालेल्यांची यादी, सत्तेचाळीस नावं,
डावीकडे साल, उजवीकडे होडी.

बावीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात वजनं लिहिली.
किलो चुकला तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतो.
आता शाळेच्या ग्रंथालयात, खिडकीला सूवुरोयचं धुकं,
आणि समोर हा फुकटचा प्रोग्राम,
कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी
नोकरी सांभाळून, रात्री जागून रचलेला.
अडलं की पिवळा त्रिकोण दाखवतो.
रागावत नाही. पुढेही जाऊ देत नाही.

पहिल्यांदा समुद्र परत आला होता.
मुखपृष्ठावरचा फोटो पानाच्या कडेला थांबत होता.
‘कापताना पांढरी रेघ राहील,’ प्रेसवाला म्हणाला,
‘पाणी हद्दीबाहेर तीन मिलिमीटर जाऊ द्या.’
जाऊ दिलं. त्याला आजवर कोणी अडवलंय?

दुसऱ्यांदा काळा रंग.
चारही शाया एकावर एक, तीनशे चाळीस टक्के;
कागद एवढं पिणार नाही, वाळणारही नाही,
पानं एकमेकांना चिकटतील.
मग नावांना नुसती काळी शाई दिली.
शोभली. रविवारच्या कोटासारखी.

आता हे चौकोन.
आमच्या लिपीत एक अक्षर आहे, एड.
वाकलेल्या पाठीचं, मानेवर आडवी काडी.
आम्ही ते उच्चारत नाही.
ब्वारुरमध्ये आहे, गुरीमध्ये दोनदा,
बेटाच्या नावातही आहे
आणि तोंडात कुठंच नाही.
फॉन्ट जुना, कुणाकडून तरी आलेला. पडद्यावर धड;
पीडीएफमध्ये गाठोडं बांधताना
तेवढं एक अक्षर मागं राहत होतं,
आवाजच नाही, तर ‘मी राहिलो’ म्हणणार कसं?

भाचा हेयिन फोनवर म्हणाला,
‘मावशी, मजकुराच्या बाह्यरेषा कर.
मग ती अक्षरं उरत नाहीत, चित्रं होतात.
चित्र मागं राहत नाही.’
केलं. त्रिकोण गेला. कॉफी ठेवली.

तेवढ्यात गुरी आली, ब्याऐंशीची, ओला कोट अंगावरच.
पडद्याला नाक लावून म्हणाली,
‘एयुन असा नाही लिहीत. माझ्या भावात ते आहे.’

खरं होतं. टाइप करताना मीच खाल्लं होतं.
यादी सहा वेळा तपासली, मोठ्यानं वाचून.
मोठ्यानं वाचली म्हणूनच सापडलं नाही.

आता टाइप कुठं करणार?
एयुन हे नाव नव्हतंच, पाच-सहा वळणांचा आकार होता.
आधीची प्रत? तिच्यावरच सेव्ह केलं होतं.
(हे हेयिनला सांगू नका.)
चार वाजता प्रेस बंद.

मग त्याच होडीतल्या ब्वारुरच्या नावावर गेले,
ते एक अक्षर निवडलं, नक्कल केली,
आणि एयुनच्या बरोबर मधोमध
बाकीच्यांना सरकवून बसवलं.
जरासं वर तरंगत होतं.
बाणाच्या कळीनं खाली आणलं, टिचकी टिचकीनं.
‘ब्वारुर द्यायचा,’ गुरी म्हणाली.
‘तंबाखूसुद्धा द्यायचा.’

चाराला दहा कमी असताना फाइल गेली.
एक इशारा उरला होता:
पान बत्तीस, होडीचा फोटो, रिझोल्यूशन अपुरं.
याहून मोठा फोटो कुणाकडेच नाही.
‘दुर्लक्ष करा’ दाबलं.

गुरीनं पडद्यावर बोट फिरवत भावाचं नाव वाचलं.
आता ते पुरं होतं.
ऐकायला अगदी मघासारखंच.